तंबाखूच्या मुलखातली बास्केटबॉलची घरं

नॉर्थ कॅरोलिनात मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेल्या मराठी आईवडिलांचं फिरणं बहुधा आधीच ठरलेलं असतं. पश्चिमेला ॲशव्हिलचा बिल्टमोर महाल आणि स्मोकी पर्वत, पूर्वेला राइट बंधूंनी १९०३ साली विमान उडवलं ती किनारपट्टी, आणि उरलेल्या दिवसांत केरी-मॉरिसव्हिल परिसरातली देवळं नि दुकानं. डरहम, चॅपल हिल आणि रॉली या तीन शहरांतल्या विद्यापीठांची बास्केटबॉलची क्रीडागृहं या यादीत क्वचितच येतात. ती यायला हवीत असं मला वाटतं, आणि त्यासाठी खेळाची आवड असण्याची अट नाही. तंबाखूचा पैसा, वर्णभेद आणि त्यातून सुटण्याची धडपड हा या मुलखाचा विसाव्या शतकातला इतिहास या इमारतींतून जितका स्पष्ट वाचता येतो, तितका तो महालातून किंवा डोंगरातून वाचता येत नाही.

डरहमच्या ड्यूक विद्यापीठाचं क्रीडागृह पाहा. तंबाखू आणि जलविद्युत या धंद्यांत अफाट पैसा मिळवलेल्या जेम्स ड्यूक यांनी १९२४ साली मोठी देणगी दिली आणि तिथल्या एका लहान कॉलेजचं विद्यापीठ झालं. त्याच्या आवारात जानेवारी १९४० मध्ये हे क्रीडागृह उघडलं. प्रशिक्षक एडी कॅमेरॉन यांचं नाव त्याला १९७२ साली मिळालं. जेमतेम ९,३१४ प्रेक्षकांची ही दगडी इमारत आजच्या मानाने लहानच म्हणायची, पण ती लहान आहे म्हणूनच तिथला आवाज अंगावर येतो. मोठ्या सामन्यांसाठी विद्यार्थी बाहेरच्या हिरवळीवर तंबू ठोकून राहतात, आणि ही प्रथा १९८६ पासून चालू आहे. तरीही माझ्या लेखी खरी गोष्ट वास्तुकाराची आहे. ज्या कचेरीने हा परिसर उभा केला, तिचे मुख्य रचनाकार ज्युलियन एबल हे कृष्णवर्णीय होते. त्यांनी आखलेल्या आवारात त्यांच्या वंशाच्या मुलांना पदवीच्या वर्गात पहिला प्रवेश १९६३ साली मिळाला. म्हणजे क्रीडागृह उघडल्यावर तेवीस वर्षांनी, आणि एबल यांच्या मृत्यूनंतर.

त्याच शहरात कृष्णवर्णीयांसाठी वेगळं कॉलेज होतं, आज ते नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल युनिव्हर्सिटी म्हणून ओळखलं जातं. तिथले प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन हे कॅन्ससमध्ये जेम्स नेस्मिथ यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणजे ज्यांनी १८९१ साली हा खेळ शोधला त्यांचेच शिष्य. १२ मार्च १९४४ या रविवारी, कायद्याने आणि रूढीने बंदी असताना, ड्यूकच्या वैद्यकीय शाखेचा गोरा संघ मॅक्लेंडन यांच्या संघाशी खेळायला आला. व्यायामशाळेची दारं आतून बंद होती. यजमानांनी सामना ८८-४४ असा जिंकला. त्यानंतर दोन्ही संघांचे खेळाडू मिसळून पुन्हा खेळले, आणि त्या काळात त्या शहरात याहून मोठं धाडस कुठल्या खेळाडूंनी केलं असेल असं मला वाटत नाही. ही हकिकत जवळजवळ अर्धं शतक बाहेर आली नाही. आता त्या विद्यापीठाच्या क्रीडागृहाच्या नावात मॅक्लेंडन यांचंही नाव आहे. पर्यटकांच्या पुस्तिकेत ते सापडेलच असं नाही, तरी या सगळ्या फेरीत मी त्याला पहिलं स्थान देईन.

रॉलीचं रेनॉल्ड्स कॉलिझियमही तंबाखूच्याच घराण्याच्या नावाचं. त्याचा पोलादी सांगाडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अर्धवट उभा राहून थांबला होता. नंतर इंडियानाहून आलेले प्रशिक्षक एव्हरेट केस यांना जास्त प्रेक्षक बसवायचे होते, पण सांगाडा आधीच उभा असल्यामुळे जागा वाढवता आली ती फक्त दोन्ही टोकांना. म्हणून हे सभागृह लांबुळकं आणि अरुंद झालं. १९४९ च्या डिसेंबरात ते उघडलं. १९६६ च्या जुलैत मार्टिन ल्यूथर किंग इथे बोलले, आणि त्याच दिवशी शहरात कू क्लक्स क्लॅनने निदर्शनं केली. पुरुषांचे सामने १९९९ साली दुसरीकडे गेले. आता इथे महिलांचा संघ खेळतो, तोही के याओ यांच्या नावाच्या कोर्टवर. कर्करोगाशी झुंजत २००९ पर्यंत त्यांनी हा संघ घडवला, आणि १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकन महिला संघाच्या प्रशिक्षकही त्याच होत्या.

सामना नसताना रिकामी इमारत कशाला पाहायची, असं कुणी विचारेल. शाहू महाराज १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कोलोसियम पाहून आले, तेव्हा तेही रिकामंच होतं, आणि त्या भेटीतून १९१२ साली कोल्हापूरला खासबाग मैदान मिळालं. प्रेक्षक कुठे बसतात, कोणाला किती जवळून दिसतं, पाया कोणाच्या पैशाचा, हे रिकाम्या जागेतच नीट कळतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कॉलेजचा खेळ हा आता धंदा झाला आहे, मग त्याच्या मंदिरात का जायचं? चॅपल हिलच्या विद्यापीठाचं डीन स्मिथ सेंटर या प्रश्नाच्या मधोमध उभं आहे. १९८६ साली उघडलेल्या या वास्तूत एकवीस हजारांहून जास्त माणसं बसतात. ज्यांचं नाव तिला दिलं, त्या प्रशिक्षक स्मिथ यांनी ८७९ सामने जिंकले आणि चार्ली स्कॉट या कृष्णवर्णीय खेळाडूला शिष्यवृत्तीवर संघात आणलं. पण याच विद्यापीठाबद्दल २०१४ च्या चौकशी अहवालात नोंद आहे की अठरा वर्षांत तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावापुरते वर्ग घेतले, आणि त्यांत खेळाडूंचं प्रमाण मोठं होतं. खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभाही २०२१ पर्यंत नव्हती. म्हणून मला आक्षेप मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ज्या संस्थेने वर्णभेदाची भिंत पाडायला हात लावला तिनेच शिक्षणाशी तडजोड केली, हे समजून घ्यायला तिच्या दारापर्यंत जायला हवं.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण म्हणजे आईवडील येतात उन्हाळ्यात, आणि मोसम असतो नोव्हेंबर ते मार्च. हिवाळ्यात आलात तर पुरुषांच्या मोठ्या सामन्यांच्या तिकिटांमागे धावू नका, रेनॉल्ड्समधला महिलांचा सामना पाहा. उन्हाळ्यात असाल तर चॅपल हिलचं बास्केटबॉल संग्रहालय आहे. क्रीडागृहं कधी उघडी असतात हे निघण्याआधी विद्यापीठांकडे विचारून घ्या. डरहम ते चॅपल हिल अंतर सोळा किलोमीटरच्या आसपास, रॉली थोडी लांब, तरी सगळं एका दिवसात होतं. नातवंडांना बरोबर घ्या, आणि सुरुवात मॅक्लेंडन यांच्या नावाच्या क्रीडागृहापासून करा.