दुकानाच्या तेरा फळ्या

ज्यांचे बालपण पेठेत गेले, त्यांना फळ्यांची दुकाने निश्चित आठवत असतील. लोखंडी शटर येण्यापूर्वी दुकान वाढवणे हे चांगले दहा मिनिटांचे काम असे. उंबऱ्यातील आणि वरच्या तुळईतील खोबणीत एकेक फळी सरकवायची, शेवटी आडवी लोखंडी पट्टी टाकायची आणि कुलूप लावून ते दोनदा ओढून पाहायचे. प्रत्येक फळीवर क्रमांक असे. वर्षानुवर्षांच्या घासणीने प्रत्येकीची जागा ठरून गेलेली असे; चार नंबरची फळी पाचच्या जागी बसत नसे. बार्शीतील आमच्या भुसार दुकानाला अशा तेरा फळ्या होत्या. सागवानी, सात फूट उंच, नऊ इंच रुंद आणि इंचाहून थोड्या जाड.

शटर बसले तेव्हा त्या माळ्यावर गेल्या. पुढे ऐंशीच्या दशकात दोन भावांची, म्हणजे माझे वडील आणि मोठे काका यांची, वाटणी झाली. वाटणीपत्रात तराजू, मापे, तिजोरी, गादी-लोड, इतकेच काय पाण्याचा रांजणसुद्धा लिहिला गेला. फळ्यांची नोंद मात्र कोणी केली नाही. वाटणी भांडून झाली असे म्हणता येणार नाही, तथापि ती गोडीनेही झाली नव्हती. त्यानंतर दोन घरांतील जाणे-येणे लग्नकार्य आणि दुखवटा यांपुरतेच उरले.

निवृत्तीनंतर मी सुतारकाम शिकलो. आमच्या पुण्याच्या सोसायटीत फर्निचरच्या कामासाठी आलेल्या एका वयोवृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली सहा महिने बसलो. त्यांनी पहिले दोन महिने मला रंधा आणि पटाशीला धार लावण्यापलीकडे काही करू दिले नाही. बँकेत नव्या कारकुनाला आम्ही प्रथम आवक-जावक नोंदवहीवर बसवत असू, त्यातलाच हा प्रकार. पुढे मित्रांसाठी, नातवंडांसाठी लहानसहान वस्तू होऊ लागल्या आणि त्याच सुमारास बार्शीचे जुने घर पाडण्याचे ठरले. माळ्यावरून फळ्या खाली आल्या.

पस्तीस वर्षे लोकांच्या तारणाची कागदपत्रे तपासल्यामुळे असेल, कोणतीही वस्तू पाहिली की ही मालकी कोणाची, हा प्रश्न मला आधी सुचतो. फळ्या सामाईक होत्या. म्हणून थोरल्या चुलत बंधूंना, दादांना, फोन केला आणि सांगितले की तुमच्या संमतीशिवाय मी यांना करवत लावणार नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग दादा म्हणाले, “लाव करवत. फक्त सात नंबरची फळी मला ठेव.” का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

जुन्या सागाची योग्यता काही वेगळीच. सागात अंगचे तेल असते, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरीचा कोरीव सागवानी मंडप न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९१६ पासून आहे आणि आजही लोक त्याखाली उभे राहून वर पाहतात. तो संग्रहालयाला देणाऱ्या द फॉरेस्ट बंधूंपैकी लॉकवूड यांनी १८८१ मध्ये अहमदाबादच्या हठीसिंग घराण्यातील मगनभाईंबरोबर लाकडी कोरीवकामाचा कारखानाच काढला होता. आपल्या व्यापारी घराण्यांचा लाकडाशी संबंध केवळ गल्ल्यापुरता नाही, एवढ्यासाठी हे सांगितले. मात्र सागात बारीक वाळूसारखा सिलिकाचा अंशही असतो आणि तो हत्याराची धार खातो. जुन्या फळीत तुटके खिळे दडलेले असतात ते निराळेच. प्रथम लोहचुंबक फिरवायचे, खिळे उपटायचे आणि मगच रंधा हाती घ्यायचा.

पहिली वस्तू आत्यांसाठी केली. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि रोजचा स्वाध्याय चुकवत नाहीत. त्यांची पोथी ठेवण्याची ठवणी मोडली होती. ही घडीची ठवणी एका अखंड फळीतून निघते. तिला खिळा नाही, स्क्रू नाही, निराळी बिजागरी नाही. फळीच्या मधोमध आडव्या ओळीत पाच गाठी आखायच्या. एक सोडून एक गाठ वरच्या बाजूने गोलसर कोरायची, उरलेल्या खालच्या बाजूने. गाठींच्या मधल्या रेघा बारीक पात्याच्या करवतीने कापायच्या. त्यानंतर फळी उभी धरून, तिची जाडी दोन्ही टोकांकडून बरोबर मधोमध चिरत गाठींपर्यंत यायचे. सर्व नीट जमले असेल तर शेवटच्या ओढीबरोबर फळी हातातल्या हातात उघडते आणि तिचे दोन पंख एकमेकांतून फिरू लागतात. हिशेब जुळण्याचा आनंद मी आयुष्यभर घेतला आहे. हा त्याहून निश्चित मोठा होता.

आत्यांनी ठवणी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारले, “हिला चकाकी कशाची देणार?”

प्रश्न वाजवी होता. सुतार ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात ते चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात आणि लाख ही पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांच्या अंगातून निघते. ती खरवडून काढताना ते जीव मरतात. मेण लावावे, तर ते मधमाश्यांच्या पोळ्यातले. चिकटवण्याचीही पूर्वी हीच अडचण होती. सुतार डब्यात तापवून जो सरस वापरत, तो जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनलेला असे. १९५९ मध्ये आलेल्या फेविकॉलने ती कटकट मिटवली, कारण ते कृत्रिम राळेचे आहे. ते बाजारात आणणारे बळवंतराय पारेख हे महुव्याच्या जैन कुटुंबातले; कायदा शिकूनही मुंबईत त्यांनी एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपायाची नोकरी केली होती. आपल्या पेठांतील तरुणांनी हे चरित्र आवर्जून वाचावे.

चकाकीसाठी मी जवसाचे तेल निवडले. रंगाच्या दुकानात ते बेलतेल म्हणून मिळते. अगदी पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने उरलेले तेल पुसून घ्यायचे आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा हात द्यायचा नाही. लाखेची झळाळी त्याला येत नाही, परंतु सागाच्या रेषा खुलतात. एक सावधगिरी मात्र कोणी विसरू नये. या तेलाचे बोळे चुरगळून टाकले तर ते वाळताना तापत जातात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ते दोरीवर पसरून वाळवावेत. ज्या लाकडातून ताजा भुगा पडत असेल ते मी घेतच नाही, आणि दिव्याभोवती किडे जमतात म्हणून सूर्यास्तानंतर हत्यारे उचलत नाही. आत्यांना हे सर्व सांगितले, तेव्हा त्यांनी ठवणी स्वीकारली. त्यापूर्वी नाही.

मित्रांसाठी केलेल्या वस्तूंबद्दल थोडक्यातच लिहितो. एका माजी सहकाऱ्याचा हात कंप पावतो, त्याला सही करताना मनगट टेकवायला उतरती पाटी करून दिली. शेजाऱ्यांच्या नातवाला बुद्धिबळाचा पट दिला. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “विकत किती पडेल?” आपल्या लोकांचा तो स्वभावच आहे आणि मला त्यात गैर वाटत नाही. वाणिज्याचा पदवीधर असल्याने मीही वहीत खिळे, तेल, पॉलिशपेपर यांचा खर्च मांडतो. मजुरीचा रकाना आखलेला आहे, तो कोरा ठेवतो.

सातव्या फळीसाठी दादा स्वतः पुण्यास आले. किती वर्षांनी आले, हे माझ्या पत्नीने बोटांवर मोजले. आल्याबरोबर त्यांनी फळी पालथी करायला सांगितली. आतल्या बाजूला, बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आजोबांच्या मुनीमजींची पेन्सिलीची अक्षरे होती, मोडी वळणाची. तुरीचे आणि करडईचे भाव, पोत्यांचे आकडे आणि खाली कोणा शेतकऱ्याकडील सात पायली ज्वारीची येणे बाकी. लहानपणी फळ्या लावण्याचे काम दादांकडे असे, म्हणून त्यांना ते ठाऊक होते.

“ही बाकी खोडलेली नाही,” मी म्हणालो.

“मग बँकेच्या भाषेत काय म्हणायचे?”

“बुडीत.”

दादा हसले, आणि चहा होईपर्यंत दुकानाच्या गोष्टी निघत राहिल्या. वडिलांचे नाव त्यांनी ‘काका’ म्हणून तीन-चारदा घेतले.

त्या फळीची मी त्यांच्यासाठी गल्लापेटी केली. कोपरे पारव्याच्या शेपटीच्या आकाराच्या सांध्यांनी एकमेकांत अडकवले. पेटीतला खण भर मे महिन्यात बनवला, म्हणून दोन्ही अंगांना थोडी सैल जागा सोडली. लाकूड लांबीत फारसे हलत नाही, पण पावसाळ्यात रुंदीत फुगते आणि घट्ट खण आषाढात उघडत नाही. अक्षरांचा तुकडा झाकणाला वापरला, मजकूर आतल्या बाजूस. तिथे रंधा फिरवला नाही आणि तेलही लावले नाही.

आता चार फळ्या उरल्या आहेत. दादांच्या सुनेचा गेल्या आठवड्यात फोन होता. दिवाळीनंतर त्यांच्या घरी पाळणा हलायचा आहे. मापे तिने लिहून पाठवली आहेत आणि कडा पूर्ण गोल करण्यास बजावले आहे. दांड्यांसाठी दोन नंबरची फळी बरी पडेल. तिच्यात गाठ एकही नाही.