वाढदिवस चंद्राला विचारा

दोस्तांनो, आधी एक सोपं गणित. बुऱ्हाणपूर नावाच्या गावात १४ ऑक्टोबर १६४३ रोजी एक मुलगा जन्मला. २७ फेब्रुवारी १७१२ रोजी तो लाहोरला वारला. तर तो किती वर्षं जगला?

६८ पूर्ण, वर चारेक महिने. शाब्बास! पण त्याच्या दरबारातल्या एखाद्या मुन्शीला हेच विचारलं असतं, तर त्याने ठामपणे सांगितलं असतं, ७०. आणि गंमत म्हणजे त्याचंही उत्तर बरोबरच ठरलं असतं.

हा मुलगा म्हणजे औरंगजेबाचा मुलगा मुअज्जम. पुढे तो बहादुरशाह या नावाने मुघलांच्या तख्तावर बसला. त्याच्या जन्माच्या वेळी औरंगजेब बादशहा झालेला नव्हता, दख्खनचा सुभेदार होता, आणि बुऱ्हाणपूर हे दख्खनचं दारच. आज हे गाव मध्य प्रदेशात मोडतं, पण आपल्याला काही लांब नाही. भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी रावेर मागे टाकते, मग थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर येतं. गाव तापीच्या काठावर आहे. बाजारात हिंदीबरोबर मराठीही कानावर पडते. तिथली मावा जलेबी खाल्ल्याशिवाय परत यायचं नसतं, पण तो विषय इथे काढला तर लेख बाजूलाच राहील.

तर ६८ की ७०? आपलं इंग्रजी वर्ष सूर्यावर चालतं, ३६५ दिवसांचं. मुघल दरबारात हिजरी वर्ष चालायचं, ते निव्वळ चंद्रावर. अमावस्येनंतर चंद्रकोर दिसली की महिना सुरू. असा महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. त्याला १२ ने गुणा, ३५४ दिवस होतात. म्हणजे हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा ११ दिवसांनी छोटं. दर वर्षी ११ दिवस वाचत गेले की सुमारे ३३ वर्षांत एक अख्खं वर्ष जास्तीचं मिळतं. ६८ वर्षांत दोन! मुअज्जम जन्मला हिजरी १०५३ मध्ये, रज्जब महिन्यात, आणि वारला ११२४ च्या मोहरममध्ये. करा वजाबाकी.

मग मुघलांचा वाढदिवस कोणता म्हणायचा, सूर्याचा की चंद्राचा? त्यांनी फार छान तोडगा काढला होता. बादशहाचे वाढदिवस दोन! दोन्ही दिवशी त्याची तुला व्हायची. भल्यामोठ्या तराजूच्या एका पारड्यात बादशहा बसायचा आणि दुसऱ्यात वस्तू चढायच्या. अकबराच्या दरबाराची बारीकसारीक माहिती देणारा ‘आईन-ए-अकबरी’ नावाचा ग्रंथ आहे. त्यात लिहिलंय की सूर्याच्या वाढदिवशी बादशहाला १२ वेगवेगळ्या वस्तूंनी तोलायचे. त्यात सोनं होतं, रेशीम होतं, तसंच तूप, लोखंड, धान्य आणि चक्क मीठसुद्धा. चंद्राच्या वाढदिवशी आठ वस्तू. छोट्या राजपुत्रांची मात्र वर्षातून एकदाच तुला, सूर्याच्या हिशोबाने. दोन वर्षांचा झाला की एका वस्तूने सुरुवात, मग दर वर्षी एक वस्तू जास्त. या सगळ्या वस्तू नंतर दान व्हायच्या. आपल्याकडे वाढदिवसाला भेटी येतात, तिकडे बादशहाच्या वजनाइतकं दान जायचं!

बुऱ्हाणपुरात याआधीही मुघल घराण्यातला एक जन्म झाला होता. १७ जून १६३१ रोजी मुअज्जमची आत्या गौहरआरा इथे जन्मली, आणि त्याच बाळंतपणात तिची आई मुमताज महल वारली. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादला दफन केलं आणि मग काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहालची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. एक योगायोग बघा, हिजरी तारीखसुद्धा १७ च होती, जिल्काद महिन्याची.

आता या गावातली सगळ्यात भारी नोंद सांगतो. ती माणसाच्या जन्माची नाहीच, मशिदीची आहे! गावाच्या मधोमध दोन उंच मिनारांची जामा मशीद आहे. मुघल यायच्या आधी इथे फारुकी घराण्याचं राज्य होतं. त्यातल्या आदिलशहाने ती बांधली. आत अरबी लेख कोरलेला आहे, त्यात नवल नाही. पण त्याच्याजवळ देवनागरी अक्षरांत संस्कृत लेखही आहे, आणि त्यात मशिदीच्या जन्मवेळेचं अख्खं पंचांग आहे. संवत १६४६, शके १५११, पौष महिना, शुद्ध दशमी संपून एकादशी लागलेली, वार सोमवार, कृत्तिका नक्षत्र संपून रोहिणी. दशमी किती घटका होती, हेसुद्धा कोरलंय. घटका म्हणजे २४ मिनिटं. एवढी तपशीलवार नोंद आपल्यापैकी किती जणांच्या जन्माची असेल?

कागदावरची तारीख आणि असं पंचांग यांत मोठा फरक आहे. कुणी नुसतं ‘५ जानेवारी’ लिहिलं, तर त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे आपल्या हातात काही उरत नाही. तिथी लिहिली असेल तर ती आकाशात तपासता येते. कशी, ते पाहू.

सूर्य आणि चंद्र हे गोल मैदानावर पळणारे दोघे आहेत असं समजा. सूर्य रमतगमत चालतो, चंद्र सुसाट. दोघे एका रेषेत आले की अमावस्या. मग चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते, आणखी १२ अंश गेला की दुसरी. पूर्ण फेरीचे ३६० अंश, त्याला १२ ने भागा. तीस तिथी! चंद्राचा वेग शास्त्रज्ञांना नेमका माहीत आहे, म्हणून शेकडो वर्षं मागे जाऊनही कोणत्या दिवशी तो कुठे होता ते काढता येतं. मशिदीचा पौष शुद्ध दशमी-एकादशीचा सोमवार असा काढला की येतो ५ जानेवारी १५९०.

थांबा, इथे एक खोडी आहे. ही ५ जानेवारी जुन्या, म्हणजे ज्युलियन कॅलेंडरची. पोप ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये कॅलेंडर दुरुस्त केलं आणि ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला. मधले दहा दिवस गायब! इंग्लंडने मात्र ही दुरुस्ती १७५२ पर्यंत केलीच नाही. म्हणून त्या सोमवारी लंडनमध्ये ५ जानेवारी होती आणि रोममध्ये १५. शिवाजी महाराजांची १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीखही जुन्या कॅलेंडरची आहे, नव्याप्रमाणे तो दिवस १ मार्च येतो. तिथी बदलत नाही, फाल्गुन वद्य तृतीया. तेव्हा जुनी इंग्रजी तारीख दिसली की आधी विचारायचं, ‘कोणत्या कॅलेंडरची?’

हे तिथ्यांचं गणित ज्याने सुंदर मांडलं तो माणूसही आपल्याच खानदेशाशी नातं सांगतो. भास्कराचार्य! चाळीसगावजवळच्या पाटणे गावी एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं त्यात म्हटलंय. आजोबांसाठी नातवाने काढलेली गणिताची शाळाच! स्वतःच्या जन्माचं वर्ष भास्कराचार्यांनी ग्रंथातच लिहून ठेवलंय, पण आकड्यांत नाही, सांकेतिक शब्दांत. रस, गुण, पूर्ण आणि मही असे ते चार शब्द. रस म्हणजे चवी, त्या सहा. गुण तीन, सत्त्व, रज आणि तम. पूर्ण म्हणजे शून्य. मही म्हणजे पृथ्वी, ती एकच. आले ६, ३, ०, १. आता उजवीकडून वाचा, शके १०३६. त्यात ७८ मिळवा, इसवी सन १११४. ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला तेव्हाचं वयही त्यांनी याच युक्तीने सांगितलं आहे, पुन्हा रस आणि गुण. किती वय ते तुम्हीच काढा.

पण भास्कराचार्य पंडित होते. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या जन्माचं काय? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या इतरांनी उतरवून घेतल्या म्हणून आपल्याला मिळाल्या. त्या जळगावजवळच्या आसोद्याला नागपंचमीला जन्मल्या, साल १८८०. पुस्तकांत त्यांची तारीख कुठे २४ ऑगस्ट छापलेली दिसते, कुठे ११ ऑगस्ट. खरी कोणती?

साक्षीला चंद्राला बोलवू या. नागपंचमी म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी, अमावस्येनंतर पाचवा दिवस. एक मजेदार आकडा लक्षात ठेवा, १९. सूर्याची १९ वर्षं आणि चंद्राचे २३५ महिने, दोन्ही जवळजवळ ६९४० दिवसांचे. फरक पडतो तो जेमतेम दोन तासांचा. म्हणून दर १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा एकमेकींना भेटतात. आता १८८० मध्ये १९ सात वेळा मिळवा. येतं २०१३. त्या वर्षीची दिनदर्शिका काढा आणि नागपंचमी शोधा. ११ ऑगस्ट! २४ ऑगस्ट १८८० रोजी तर पौर्णिमाही होऊन गेली होती, वद्य पक्ष चालू होता. त्या दिवशी नागपंचमी असणं शक्यच नाही. माझं मत ११ ऑगस्टला.

पुढे सरकारी नोंदी आल्या आणि हा शोधाशोधीचा खेळ कमी झाला. खांडव्याला जन्मलेल्या किशोरकुमारांची ४ ऑगस्ट १९२९, जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटलांची १९ डिसेंबर १९३४, अशा तारखा सरळ छापलेल्या मिळतात. तरी खेड्यापाड्यांत कितीतरी जन्म नोंदीविनाच राहिले. मग शाळेत नाव घालायच्या दिवशी गुरुजी मुलाची उंची बघून वय ठरवायचे आणि तारीख टाकायचे १ जून. म्हणून महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असणाऱ्या आजी-आजोबांची गर्दीच आहे. मध्य प्रदेशात हीच गर्दी १ जुलैला होते!

तर आता तुमचं काम. तुमच्या आजीच्या आधारकार्डावर १ जून आहे का बघा. असेल तर तिला विचारा, ‘आजी, तुझा जन्म कोणत्या सणाचा?’ समजा ती म्हणाली, ‘पोळ्याच्या दिवशीची मी, साल ५६.’ मग १९५६ मध्ये १९ मिळवत चला, १९७५, १९९४, २०१३. २०१३ चा पोळा ५ सप्टेंबरला होता. म्हणजे आजी ४ किंवा ५ सप्टेंबरची. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तेवढा चंद्राला माफ करा. साल नक्की माहीत नसेल, तर गावात त्या वर्षी काय घडलं होतं ते विचारून आधी साल पक्कं करा. आणि सापडलेली तारीख वहीत लिहून ठेवा, तिथीसकट.