व्रताचे पारणे आणि वजनाचा काटा

2022 च्या पावसाळ्यात पेडणे तालुक्यातील एका गावच्या मंडळाने मला स्थूलतेवर व्याख्यान देण्यास निमंत्रित केले होते. मी बालरोगतज्ज्ञ, मोठ्यांच्या मेदावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय! परंतु त्या वर्षी दिवसातून दोनच वेळा जेवून मी स्वतः नऊ किलो वजन उतरविले होते आणि नवदीक्षिताचा उत्साह अंगात होता (श्लेष क्षम्य मानावा). तासभर बोललो. टाळ्याही पडल्या.

डिसेंबरात त्याच गावातील एक आजी अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या पेडण्याच्या दवाखान्यात आल्या. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुलगा घेरी येऊन पडला होता. तपासणीत काही निघेना. अखेर उलगडा झाला तो असा : वडिलांनी माझे व्याख्यान ऐकून दोन जेवणांचे व्रत घेतले होते आणि बावन्न किलोच्या मुलालाही त्यात ओढले होते. सकाळची न्याहारी बंद, शाळेतील डबा बंद. आजी मला म्हणाल्या, ''दोतोर, जेवलो ना जाल्यार तो वाडटलो कसो?'' आमच्या पाठ्यपुस्तकातील वाढीच्या प्रकरणाचे सार त्या एका प्रश्नात होते, आणि उत्तरदायित्व माझे होते.

या दोन जेवणांच्या पद्धतीचे मूळ नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारात आहे. 2004 मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती गावोगावी पोहोचविली. कडक भूक लागेल त्या दोन वेळा ओळखाव्यात, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवावे, मधल्या काळात पाणी किंवा पातळ ताक घ्यावे, असा तिचा साधा नियम. 2018 मध्ये महाराष्ट्र शासनाने स्थूलताविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत म्हणून त्यांची निवड केली, तेव्हा थोड्या थोड्या अंतराने खाण्याचा पुरस्कार करणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्या अनुयायांत आणि दीक्षितांच्या अनुयायांत घराघरांतून वाद रंगले. आमच्या घरी तर एकाच जेवणाच्या टेबलावर दोन्ही पंथ बसत. पण दीक्षितांनीही ही पद्धत अठरा वर्षांखालील मुलांसाठी सांगितलेली नाही. हे वाक्य मी त्या व्याख्यानात उच्चारले नाही, ही माझी चूक.

पद्धत कोणती श्रेष्ठ, या प्रश्नाने आपण उगाच शिणतो. 2005 मध्ये अमेरिकेत 160 जणांना अॅटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश अशा चार परस्परविरोधी आहारपद्धतींत वाटून वर्षभर पाहिले गेले. चारही गटांत उतरलेले वजन साधारण सारखेच निघाले. कोणी किती उतरला, हे त्याने कोणता आहार घेतला यावर नव्हे, तर तो किती निष्ठेने पाळला यावर ठरले. आणि वर्षअखेर अॅटकिन्स व ऑर्निश या दोन टोकाच्या पद्धतींतील जवळजवळ निम्मी मंडळी गळाली होती. 2018 मध्ये स्टॅनफर्डच्या 609 जणांच्या अभ्यासातही कमी मेद आणि कमी पिष्ट या दोन गटांत बारा महिन्यांनी लक्षणीय फरक आढळला नाही.

मग आपल्याकडे माणसे का गळतात? माझे निदान असे, की आपण आहार व्रतासारखा धरतो. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराईचे धोंड जत्रेपूर्वी किती कडक व्रतस्थ राहतात, ते आपण पाहतोच. परंतु व्रताला शेवटचा दिवस असतो. किंबहुना तो असतो म्हणूनच ते पाळता येते. श्रावणात मासळी सोडणारा गोमंतकीय चवथ सरताच मासळीबाजार गाठतो, त्यात त्याचे काही चुकत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र पारण्याचा दिवस हाच घाताचा दिवस. (श्रावणातल्या साबुदाण्याच्या खिचडीविषयी न बोललेले बरे.)

माझेच पाहा. 2023 च्या चवथीला नेवऱ्या आणि पातोळ्यांनी माझे पारणे झाले आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत नवापैकी सात किलो परत आले. यात केवळ जिभेचा दोष नाही. वजन झपाट्याने उतरले की शरीर ऊर्जेचा खर्च आखडते, भूक वाढविते, आणि मेदाबरोबर स्नायूही झिजतात. हल्ली आठवड्याला एक टोचायच्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे. ती परिणामकारक आहेत, यात शंका नाही. परंतु सेमाग्लूटाइड थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परतल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तेथेही पारणे आहेच.

तेव्हा मी आता मोठ्यांना एकच प्रश्न विचारतो : हे जेवण तुम्ही पुढच्या चवथीलाही, घरातल्यांच्या पंक्तीला बसून जेवू शकाल काय? उत्तर 'नाही' आले, तर ती पद्धत सोडून द्यावी. आपल्या ताटाला फार दूर जावेही लागत नाही. दहाच्या सुमाराची उकड्या तांदळाची पेज, दुपारी बांगड्याचे हुमण, अळसाण्यांचे तोणाक, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी. शंभर ग्रॅम बांगड्यात सुमारे एकोणीस ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि प्रथिनांनी भूक भागते. दोष ताटातील पदार्थांत नसून शिताच्या डोंगरात आहे. भाताचा एक डाव कमी, भाजीचा एक अधिक. तळलेल्या मासळीऐवजी हुमण. आणि सायंकाळी चहाबरोबरचे भजे रोज न खाता बाजाराच्या दिवशी. एवढ्याने वजन सावकाश उतरते. सावकाशीची लाज नको : 2002 च्या अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधक अभ्यासात सात टक्के वजन उतरविणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे हे ध्येय ठेवले, तेवढ्याने मधुमेहाची शक्यता 58 टक्क्यांनी घटली. ऐंशी किलोच्या माणसाला हे साडेपाच किलो होतात.

आपल्या लोकांना याची निकड अधिक आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2003 मध्ये दाखवून दिले, की आपली बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने हलकी जन्मतात, पण त्यांच्या शरीरातील मेद त्या प्रमाणात कमी नसतो. म्हणून भारतीय बालरोग अकादमीच्या 2015 च्या वाढ-आलेखांत मुलांसाठी मोठ्यांच्या 23 आणि 27 या देहनिर्देशांकांशी जुळणाऱ्या रेषा आखल्या आहेत. काट्यावरचा आकडा न पाहता त्या रेषा पाहाव्यात, ही माझी व्यवसायबंधूंना विनंती.

मुलाला मी काय सांगितले? त्याला काहीच सांगितले नाही, वडिलांना सांगितले. वाढत्या मुलाचे वजन उतरविण्याची सहसा गरज नसते. ते तेथेच थोपवून धरले की उंची आपले काम करते. न्याहारी व पेज पुन्हा सुरू, घरात शीतपेयाची बाटली आणायची नाही, रात्रीचे जेवण दूरदर्शन संच बंद करून एकत्र, आणि शाळेत स्कूटरवरून न सोडता चालत. नियम संपूर्ण घराला. एकट्या मुलाला वेगळे ताट वाढले, की तो चोरून खायला शिकतो. हे मी अनेक घरांतून पाहिले आहे. वडील नाराज दिसले. त्यांना कडक काहीतरी हवे होते.

तेरा महिन्यांनी, 2024 च्या जानेवारीत, मुलगा आला तेव्हा उंची 142 वरून 149 सेंटिमीटर झाली होती आणि वजन त्रेपन्न किलो. वडील चार किलोंनी उतरले होते, आजी मात्र जशाच्या तशा. मुलाचे म्हणणे एवढेच होते, की फुटबॉलचे बूट पायाला लहान होतात आणि बाबा नवे घेऊन देत नाहीत. मी वडिलांना चिठ्ठीवर तेही लिहून दिले.