२४९ ग्रॅमचा ड्रोन आणि परदेशवारी : नियम वाचायचा कसा?

समजा, तुमची युरोपात चार दिवसांची परिषद आहे आणि पुढे जोडून आठवडाभर सुट्टी. बॅगेत कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन घ्यायचा विचार चाललाय. दुकानदाराने सांगितलंय, "२४९ ग्रॅमचा आहे, अडीचशेच्या आत. काही परवानगी लागत नाही."

हे वाक्य खरं की खोटं? खरं उत्तर असं : कोणत्या देशात, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला, ते आधी सांगा. हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली की कायदाच काय, शोधनिबंधही नीट वाचता येतो. म्हणून आज ड्रोनचं उदाहरण.

सुरुवात चेण्यापासून

परदेशात जाण्याआधी घरच्या नियमांवर हात बसवू. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतलं चेणे गाव घ्या. घोडबंदर रस्त्यालगत, एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसरीकडे वसईची खाडी, मध्ये चेण्याची नदी. नदीकाठावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला वरून फोटो हवेच असतात.

ड्रोन नियम २०२१ (२५ ऑगस्ट २०२१ ला अधिसूचित) काय म्हणतात? २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंत 'मायक्रो'. नॅनोसाठी, आणि व्यावसायिक काम नसेल तर मायक्रोसाठीही, रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवं क्षेत्र २०० फुटांपर्यंत, त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत. पण एखादी जागा खरंच हिरवी आहे का, हे अंदाजाने ठरवायचं नाही. डिजिटल स्कायचा नकाशा उघडून बघायचं.

इथेच बहुतेक जण थांबतात आणि चुकतात. कारण हा फक्त विमानवाहतुकीचा थर झाला. उद्यानाच्या हद्दीत अभ्यासासाठी किंवा छायाचित्रणासाठी जायचं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार वनखात्याची परवानगी लागते. तिसरा थर पोलिसांचा. ठरावीक काळासाठी ड्रोनबंदीचे मनाई आदेश निघतात. १ जुलै २०२४ पासून हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात, पूर्वी ते कलम १४४ होतं. जुन्या आकड्याने शोधलंत तर नवा आदेश सापडणारच नाही.

आता सगळ्यात फसवा शब्द : 'संशोधन'. याच नियमांत नियम ४२ आहे. संशोधन, विकास आणि चाचणीसाठी ड्रोन उडवणाऱ्या सरकारमान्य शैक्षणिक संस्थांना नोंदणी आणि परवानगीतून सूट आहे. वाचून आनंद होतो ना? पुढची ओळ वाचा : उड्डाण हिरव्या क्षेत्रात हवं, आणि तेही संस्थेच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेत. चेण्याची नदी काही तुमच्या विद्यापीठाच्या ताब्यात नाही! सूट वाचली की लगेच तिची अट शोधायची, हे इथून घ्या.

ड्रोन तोच, देश बदलला

आता तोच २४९ ग्रॅमचा ड्रोन घेऊन फिरू.

युरोपीय संघ : वजन २५० च्या आत असलं तरी कॅमेरा आहे, म्हणून चालक म्हणून नोंदणी हवी. कारण कॅमेरा माणसांची खासगी माहिती टिपतो. बाहेरून येणाऱ्याने ज्या सदस्य देशात पहिल्यांदा उडवायचं तिथे नोंदणी करायची, ती इतर सदस्य देशांतही चालते. उंचीची मर्यादा १२० मीटर, ड्रोन कायम नजरेत, जमावावरून उड्डाण नाही.

अमेरिका : हौस म्हणून उडवत असाल तर २५० ग्रॅमच्या आत नोंदणी नाही, पण 'ट्रस्ट' नावाची ऑनलाइन सुरक्षा चाचणी द्यावी लागते.

जपान : २० जून २०२२ पासून १०० ग्रॅम किंवा जास्त असेल तर नोंदणी सक्तीची. तुमचा 'छोटा' ड्रोन तिथे छोटा नाहीच.

मोरोक्को : पर्यटकाने ड्रोन आणणंच मना. विमानतळावरच काढून घेतला जातो.

म्हणजे २५० हा काही निसर्गनियम नाही, प्रत्येक देशाने आपल्यापुरती आखलेली रेघ आहे. आणि वजन म्हणजे उड्डाणावेळचं वजन. जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी लावली की तोच ड्रोन रेघेच्या पलीकडे जातो. व्याख्या आधी, आकडा नंतर.

बॅटरीचं आणखी एक : सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकायच्या नाहीत, केबिन बॅगेतच ठेवायच्या. १०० वॉट-तासांच्या वर असेल तर विमान कंपनीची मंजुरी लागते.

खरी अडचण परतताना

"तिकडे स्वस्त मिळतो, येताना घेऊन येतो," असं म्हणणारे खूप भेटतील. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने विदेश व्यापार महासंचालनालयाने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सुट्या भागांत आणून जोडायचा मार्गही पूर्ण किंवा अर्धवट संचांसाठी बंदच. सरकारमान्य शैक्षणिक व संशोधन संस्थांना संशोधनासाठी आयातीचा परवाना मिळू शकतो, पण तो संस्थेला, तुमच्या बॅगेला नाही. नातेवाइकाकडून मागवलेला ड्रोन कस्टम्समध्ये अडकला तर पैसे गेले, आणि त्यावर आखलेलं फील्डवर्कही गेलं.

इथूनच स्वतःचा ड्रोन नेत असाल तर निघतानाच कस्टम्सकडून अनुक्रमांकासह निर्यात प्रमाणपत्र घ्या. परतताना 'हा माझाच, इथूनच नेलेला' हे कागदावर दाखवता येतं.

मग सवय कोणती लावायची?

१. मूळ नियम वाचा. व्हिडिओ, दुकानदार आणि हा लेखसुद्धा दुय्यम स्रोत.
२. तारीख बघा. २०२१ चे नियम १९३४ च्या विमान अधिनियमाखाली केले होते, आणि १ जानेवारी २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आलाय.
३. व्याख्या आणि अपवादाची अट शब्दशः उतरवून घ्या.
४. थर मोजा : हवाई, स्थानिक, खासगीपणा, सीमाशुल्क.
५. परवानगीची प्रत आणि नियम वाचल्याची तारीख डेटाच्या फोल्डरमध्येच ठेवा.

पाचवा मुद्दा हलक्यात घेऊ नका. परीक्षक किंवा नियतकालिकाचे संपादक परवानगी मागू शकतात, आणि तेव्हा ती मागच्या तारखेने मिळत नाही. सुट्टीत सहज काढलेले फोटो पुढे प्रबंधात वापरायचा मोह होतो. त्यामुळे उडवण्याआधीच ठरवा : ही हौस आहे की डेटा? डेटा असेल तर गाइडशी आधी बोला, बॅग नंतर भरा.