दहा दारांचा डबा

सकाळी ६.३०

चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवतो. लंडनच्या साउथ नॉरवुडमधलं आमचं घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे. वारा इकडचा असला की सुटणाऱ्या गाडीच्या मोटरींचा चढत जाणारा सूर थेट ओट्यापर्यंत येतो. १९७४ साली डोंबिवलीहून इथे आलो, तेव्हा पहिले काही दिवस पहाटे अर्धवट झोपेत तो सूर ऐकला की आपण घरीच आहोत असं वाटायचं. मग लगेच दुसरा आवाज यायचा आणि झोप उडायची. धाड. धाड, धाड. धडाधड, धाड. आमच्या लोकलला दारं लावायची पद्धतच नव्हती, त्यामुळे हा आवाज कसला ते कळायला दोन दिवस गेले. स्टेशनात उभ्या असलेल्या आठ डब्यांच्या गाडीची सत्तरएक दारं लोक हाताने आपटून लावत होते.

२००५ मध्ये तो आवाज संपला. दक्षिणेला लिमिंग्टनच्या छोट्या फाट्यावर दोन जुने संच २०१० पर्यंत चालवले, तेवढाच अपवाद. त्या गाड्यांच्या लहान प्रतिकृती दुरुस्त करणं हे आता आठवड्यातले चार दिवस माझं काम आहे.

सकाळी ८

प्लॅटफॉर्मवर उभं राहायची माझी जागा अजून तीच आहे, जुन्या दिव्याच्या खांबाच्या दोन पावलं पुढे. तेव्हा मी उलट दिशेने, लंडन ब्रिजला जायचो. तिथल्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं दुरुस्त करायचं काम होतं. ‘फोर-सब’ या चार डब्यांच्या उपनगरी गाडीला दहा कंपार्टमेंटचा एक डबा असायचा. तो नेमका खांबापाशी आला, तर त्याचं पुढून सातवं दार पकडायचं, म्हणजे उतरल्यावर जिना समोर. दादरला पुलासमोर कुठला डबा येतो हे आपल्याला पाठ असतं, तसंच.

त्या डब्याला आतून मार्गिका नव्हती. दहा कंपार्टमेंट, प्रत्येकाला दोन्ही बाजूंना स्वतःचं दार, समोरासमोर सहा-सहा माणसांची बाकं. म्हणजे एका डब्यात १२० माणसं बसलेली, आणि तुम्हाला त्यातली फक्त अकरा दिसणार. गुडघ्यात गुडघे अडकलेले, कोट ओले, वर्तमानपत्रं चौघडी करून वाचायची, कारण उघडायला जागाच नाही. वर्षानुवर्षं तीच अकरा माणसं आणि कोणी कोणाशी बोलायचं नाही. मी त्याला तुसडेपणा समजत होतो. पुढे एकदा जानेवारीत रुळावर बर्फ धरला आणि गाडी अंधारात दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली. दिवे गेले. गाडी पुन्हा धडपडत निघाली, तेव्हा खाली निळीहिरवी ठिणगी उडाली आणि त्या उजेडात अकराही चेहरे एकदम दिसले. समोरच्या बाईंनी पर्समधून पेपरमिंट काढून सगळ्यांना वाटलं. माझ्यापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही मागच्या आठवड्यात आला नव्हता. बरं आहे ना सगळं?’’ मला ताप होता. अकरा माणसांना मी आलो नाही हे कळलं होतं.

आजची गाडी वातानुकूलित, स्वच्छ. बटण दाबलं की दार सरकतं. ईस्ट क्रॉयडनच्या अलीकडे सेलहर्स्टचा डेपो दिसतो. या भागात विजेची गाडी आधी तारेवर धावायची. १९०९ साली व्हिक्टोरिया ते लंडन ब्रिज ६६०० व्होल्टची तार टाकली होती. पण १९२३ नंतर सगळे मार्ग सदर्न रेल्वेकडे एकत्र आले. तिचे जनरल मॅनेजर सर हर्बर्ट वॉकर यांनी रुळांच्या शेजारी तिसरा, विजेचा रूळ टाकायचा निर्णय पक्का केला आणि १९२९ मध्ये शेवटची तार उतरली. तिसरा रूळ स्वस्त पडला आणि भराभर टाकता आला. १९३३ च्या पहिल्याच दिवशी ब्रायटनपर्यंत विजेची गाडी पोचली. मुंबईत १९२५ साली व्हीटी-कुर्ला सुरू झाली ती १५०० व्होल्टच्या तारेवर. पावसात तुंबणाऱ्या कुर्ल्याला तिसरा रूळ असता तर काय झालं असतं, हा विचार दर पावसाळ्यात फोनवर पाणी भरल्याचं ऐकलं की मनात येतो.

पर्लीला उतरतो. इथे पूर्वी गाडीचे दोन भाग व्हायचे. पुढचे चार डबे एका फाट्याला, मागचे चार दुसऱ्याला, एक केटरहॅमकडे आणि एक टॅटनहॅम कॉर्नरकडे. चुकीच्या अर्ध्यात बसलेला नवखा माणूस प्लॅटफॉर्मवरून धावत जायचा आणि कोणीतरी त्याच्यासाठी दार उघडून धरायचं.

सकाळी ९.१५

दुकानाच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. भिंग, चिमटे, तीन कानशी, घड्याळजीचे स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न, मीटर, आणि लाकडी फळीवर गोल जोडलेले रूळ. या मापाला इथे ‘डबल ओ’ म्हणतात. खऱ्या गाडीच्या एका फुटाला चार मिलिमीटर, आणि रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्या हिशेबाने खरं तर रूळ थोडे अरुंद पडतात, पण ती चूक शंभर वर्षांच्या आसपासची आहे आणि आता सगळ्यांच्या कपाटात आहे.

काल एक बाई खोका ठेवून गेल्या. आत हॉर्नबी-डब्लोची दोन डब्यांची हिरवी गाडी, साठच्या दशकाच्या सुरुवातीची. मोटरचा डबा एस ६५३२६, मागचा एस ७७५११. डब्याच्या बाजू छापील पत्र्याच्या. दारं, बिजागऱ्या, मुठी, सगळं छापलेलं, पण इतकं नेमकं की भिंगाखाली धरलं तरी रेघ हलत नाही. ही गाडी बाजारात आली तेव्हा त्या कारखान्याचे दिवस भरत आले होते. १९६४ मध्ये डब्लो बनवणारी मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्सनी घेतली आणि डब्लो बंद पडली. बाईंचे वडील चाळीस वर्षं केटरहॅमहून शहरात नोकरीला जात. रोज विजेच्या गाडीने जाणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन तीच गाडी जमिनीवर चालवायचा. वडील गेल्याला वर्ष झालं. गाडी हलत नाही.

सकाळी ११

खोलून बघितलं. मोटर जळलेली नव्हती, हे आधी बघून घेतलं. तेल वाळून मधासारखं घट्ट झालं होतं. कम्युटेटरवर कार्बनची काळी पुटं चढली होती. तांब्याच्या तीन पट्ट्यांमधल्या फटी कार्बनच्या भुकटीने भरल्या की वीज आडवाटेने जाते आणि आरमेचर जागचं हलत नाही. दात कोरायच्या लाकडी काडीचं टोक तासून त्या फटी कोरल्या. घाई केली तर तांब्याला ओरखडा पडतो आणि ब्रश कायमचा कुरकुरायला लागतो, म्हणून तीन फटींना पाऊण तास दिला. मग स्पिरिटचा बोळा. काळं गेलं आणि खालून तांबं गुलाबी वर आलं. ब्रश अजून अर्ध्यावर शिल्लक होते, तेच ठेवले. नवे घालता येतात, पण जुने त्या तांब्याच्या गोलाईला बसलेले असतात.

एक वायर मात्र बदलावी लागली. तिच्यावरचं रबर तडकून गळत होतं. जुनी वायर मी दोन्ही टोकांना कापून पूर्ण बाहेर काढतो. एक टोक सोडवून बाजूला दुमडून ठेवणं या टेबलावर चालत नाही. १२ डिसेंबर १९८८ ची सकाळ या देशात गाडीने जाणारा कोणीही विसरलेला नाही. क्लॅपहॅम जंक्शनजवळ एक गाडी थांबलेल्या दुसरीवर आदळली, तिसरी येऊन त्यांत घुसली. ३५ माणसं गेली. अँथनी हिडन यांच्या चौकशीत निघालं ते एवढंच होतं: सिग्नलच्या नव्या जोडणीत एक जुनी वायर एका टोकाला सोडवली, पण कापली नाही, झाकलीही नाही. ती पुन्हा जागेवर येऊन टेकली आणि लाल व्हायचा सिग्नल लाल झालाच नाही. काम करणारा माणूस तेरा आठवड्यांत एकच दिवस सुट्टी घेऊन राबत होता. मी त्या दिवशी नेहमीच्या गाडीने गेलो, कारखान्यात पोचल्यावर कळलं. साहेबांनी सगळ्यांना घरी फोन करू दिला. तेव्हापासून मी सुटलेलं टोक उघडं ठेवलेलं नाही, इथे फक्त बारा व्होल्ट असले तरी.

पुढे या जुन्या डब्यांच्या मजबुतीबद्दल आणि कुलूप नसलेल्या दारांबद्दल प्रश्न उभे राहिले, १९९९ साली कडक नियम झाले, आणि गाड्या गेल्या. जायलाच हव्या होत्या. चालत्या गाडीचं दार कोणीही उघडू शकत होतं. मला त्यांच्याबद्दल वाटतं ते हे मान्य करूनच वाटतं.

दुपारी १

डबा उघडला आणि पुतण्याचा फोन आला. तो मध्य रेल्वेला मोटरमन आहे, ड्यूटी संपवून घरी चालला होता. मोटरमन हा शब्द इथेही होता. सदर्नवर विजेची गाडी चालवणाऱ्याला बरीच वर्षं तेच म्हणायचे.

‘‘काका, आज कुठली गाडी?’’

‘‘हिरवी. दोन डब्यांची.’’

‘‘बेल किती देता मग?’’

‘‘दोन.’’

हे आमचं ठरलेलं. गार्डने एक बेल दिली की थांब, दोन दिल्या की सोड. कल्याणला जो संकेत, तोच मला नॉरवुडला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. परक्या गावात पहिल्या महिन्यात मला पूर्ण कळणारी भाषा तेवढी एकच होती. सातव्या दाराशी बसलो की गार्डची खोली लांब पडायची, पण कधी त्याच्या शेजारी जागा मिळाली की ते दोन ठोके ऐकायला मी पेपर खाली ठेवायचो.

दुपारी २.३०

एका गिऱ्हाइकाच्या घरच्या स्टेशनासाठी तिसरा रूळ बसवून देतोय. बाहेरच्या बाजूला, चालायच्या रुळापेक्षा जरा उंच, प्लॅस्टिकच्या इवल्या चिनीमातीसारख्या बुंध्यांवर. इथले रेल्वेवाले याला ‘ज्यूस रेल’ म्हणायचे. खऱ्या मार्गावर यात ७५० व्होल्ट, पाय पडला तर माणूस गेला. माझ्या फळीवर हा रूळ नुसता दिसण्यापुरता आहे, वीज चालायच्या दोन रुळांत. डब्लोचं उलट, तिथे तिसरा रूळ जिवंत, पण दोन रुळांच्या बरोबर मधोमध.

ही गोष्ट मी लोकांना वारंवार सांगतो. वाफेची इंजिनं या देशात जागोजागी जपली आहेत. कोळसा घाला, पाणी भरा, ससेक्सच्या ब्लूबेल मार्गावर आजही धावतात. विजेच्या गाडीचं तसं नाही. फोर-सबचा ४७३२ क्रमांकाचा संच शाबूत आहे. १९३० च्या दशकातल्या ‘टू-बिल’ची २०९० क्रमांकाची जोडी राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे आहे. पण हौशी मार्गांवर, जिथे मुलं रुळांच्या कडेला हिंडतात, तिथे घोट्याच्या उंचीवर ७५० व्होल्ट कोण टाकणार? म्हणून जपलेल्या विजेच्या गाड्या एकतर उभ्या असतात, नाहीतर डिझेल इंजिनाला बांधून ओढून नेतात. त्यांच्या मोटरींचा सूर निघत नाही. स्वतःच्या विजेवर, स्वतःच्या मोटरीने सुटणारी जुनी हिरवी गाडी बघायची, तर ती या चार मिलिमीटरच्या जगात. म्हणून गाडी खोक्यात ठेवू नका, चालवा, असं प्रत्येकाला बजावतो. खोक्यात ठेवलेलीची किंमत जास्त येते, हे मला माहीत आहे. तरीही सांगतो.

शेल्फवर ब्रायटन बेलचे पाच डबे तपासून ठेवलेत, तपकिरी आणि दुधी रंगाचे. प्रत्येक टेबलावर दिवा लागतो. खरी बेल १९७२ च्या एप्रिलअखेर बंद झाली आणि मी आलो दोन वर्षांनी. तिची न्याहारी, तिच्यात लॉरेन्स ऑलिव्हिए मागवत ते भाजलेले मासे, सगळं ऐकीव. मी तिला ओळखतो ते या दिव्यांवरून.

दुपारी ४.४५

बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, कोट काढला नाही. मी गाडी तीन रुळांच्या गोलावर ठेवली आणि कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

‘‘मी?’’

‘‘तुम्हीच.’’

पहिल्या फेरीत दोनदा अडखळली. खालची पट्टी मधल्या रुळावर नीट घासली जायला तेवढं लागतं. दुसऱ्या फेरीत सूर लागला. मग तो वास आला, गरम तेलाचा आणि ठिणगीचा. बाई काही न बोलता हळूच गुडघ्यावर बसल्या आणि डोळा फळीच्या कडेशी आणला, प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाच्या उंचीला. सगळे असंच करतात. वय काही असो, खाली बसतात आणि गाडी समोरून येताना बघतात. त्यांनी सहा फेऱ्या मारल्या. मी दुसरीकडे वळून कानशी पुसत बसलो.

जाताना त्यांनी विचारलं, घरी रूळ आहेत पण गंजलेत, चालेल का. बारीक पॉलिश पेपर कसा फिरवायचा ते दाखवलं आणि दोन कापून दिले.

रात्री ९.३०

जेवणं झाली. हे काम दुकानाचं नाही, माझं आहे. फोर-सबचा दहा कंपार्टमेंटचा डबा, सुट्या भागांतून जुळवतोय. प्रत्येक दाराला एक मूठ आणि शेजारी चढताना धरायची एक दांडी. अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने हाताने भोक पाडायचं, पितळेची तार वाकवून आत घालायची, मागून थेंबभर गोंद. दांडी दारापासून केसाएवढी सुटी राहिली पाहिजे. ती चिकटली तर डोळ्याला हात घालावासा वाटत नाही.

‘‘अहो, दुसरा दिवा लावा ना,’’ ही आतून म्हणाली.

लावला. सहा दारं कालपर्यंत झाली होती. आज सातवं केलं. दांडी दोनदा काढून पुन्हा वाकवली, कारण खऱ्या दाराची दांडी खालच्या टोकाला हातांनी झिजून जरा बारीक झाली होती आणि तिथे तळवा बरोबर बसायचा. तार कानशीने तेवढीच तासली. गोंद वाळायला डबा आडवा ठेवला. आठवं, नववं, दहावं उद्या.