साथीविना बासरी

एकट्या बासरीसाठी रचना करणं अवघडच. एका वेळी एकच सूर निघतो. खाली षड्ज धरणारा तानपुरा नाही की स्वरसंवाद पुरवणारी पेटी नाही. तरीही सतराव्या शतकात उत्रेख्तच्या याकोब फान आयक या जन्मांध संगीतकाराने नुसत्या रेकॉर्डरसाठी, म्हणजे उभी धरून फुंकायच्या लाकडी बासरीसाठी, दीडशेच्या आसपास रचना केल्या. सूर त्याने सांगितले, दुसऱ्याने उतरवून घेतले आणि 1640च्या दशकात अ‍ॅम्स्टरडॅमला ‘डर फ्लोइटन लुस्त-होफ’ हा संग्रह छापला गेला. यातल्या बहुतेक चाली त्याच्या नाहीतच. रस्त्यावरची गाणी, नाचाच्या धुना, चर्चमधली स्तोत्रं, इंग्लंडहून आलेल्या लोकगीतांच्या चाली. या उसन्या चालींना कल्पनेचं दारिद्र्य समजणं चूक आहे. साथीदाराचं काम त्याच करतात.

या संग्रहातली ‘डून डाफ्ने’ ही चाल घ्या. आधी चाल साधीच वाजते. मग एका लांब सुराचे दोन, चार, आठ तुकडे होत जातात, जशी आपल्याकडे दुगुन-चौगुन चढते. ऐकणाऱ्याच्या मनात मूळ चाल संथपणे चालूच असते आणि वरची धावपळ तिच्याशी ताडून ऐकली जाते. त्यात खालच्या आणि वरच्या सुरांमध्ये आलटून पालटून उड्या घेतल्या की एकाच नळीतून दोन आवाज बोलल्यासारखे वाटतात. फान आयक पेशाने घंटावादक होता आणि घंटा सुरात लावण्याच्या कामात घंटा ओतणाऱ्या हेमोनी बंधूंच्या बरोबरीने गुंतलेला होता. एका घंटेच्या नादात किती सूर दडलेले असतात हे ज्याच्या कानाला नेमकं कळत होतं, त्याला एकट्या सुराचं भय वाटलं नसावं.

हे सगळं तुकडे पाडण्याचं यंत्र आहे, असा आक्षेप घेतला जातो. काही स्तोत्रांबाबत तो खरा आहे. तिथे सरावाचे पाठ गिरवल्यासारखं वाटतं. पण इंग्लिश संगीतकार जॉन डाउलंडच्या ‘लाक्रिमे’वरच्या रचनेत उतरत्या चार सुरांची ती प्रसिद्ध सुरुवात ज्या निगुतीने जपली आहे, ती यंत्राला जमणारी नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा: चाल ठाऊकच नसेल तर? फान आयकच्या श्रोत्यांपुढे हा प्रश्न नव्हता. 1649 साली उत्रेख्तच्या यान्सकेर्क चर्चने त्याचा पगार 80 गिल्डरवरून 100 केला, तो संध्याकाळी आवारात फिरायला येणाऱ्यांना अधूनमधून बासरी ऐकवायच्या अटीवर. चालता चालता मध्येच थबकणाऱ्या त्या माणसाला चाल पाठ होती. आजच्या श्रोत्याकडे सुरुवातीचं एक साधं आवर्तनच काय ते असतं. आखूड, ठसठशीत धुनेला तेवढं पुरतं. लांबलचक स्तोत्राला पुरत नाही, मग वादक कितीही चांगला असो.