एक संगणक, दोन सिस्टीम : पोरांच्या अभ्यासासाठी



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, हातात पैसा कमी आणि नेमक्या त्याच वेळी शाळा-कॉलेजं सुरू. घरात मोबाईल एक, अभ्यासाला पोरं तीन. म्हणून सोसायटीच्या खोलीत सामाईक संगणक ठेवायचा आपला विचार आहे. पैसा सगळ्यांचा, तेव्हा नीट बघूनच घेऊया.

विंडोज की लिनक्स? आम्ही म्हणतो, एकाच मशीनवर दोन्ही. कॉमर्सच्या पोरांना टॅली लागतं, ते विंडोजवर चालतं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना लिनक्स बरं. लहानग्यांसाठी जीकॉम्प्री, टक्स पेंट त्यावर फुकट मिळतात.

घेताना हे बघा : विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं. सेकंडहँड मशीन कितीही स्वस्त असलं तरी हे आधी तपासा. टीपीएम नसेल तर त्यावर नुसतं लिनक्स मिंट टाकता येतं, ४ जीबी रॅमवरही चालतं. दोन्ही सिस्टीम हव्या तर ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी धरा.

बसवताना क्रम चुकवू नका :
१. मशीनमध्ये काही काम साठवलेलं असेल तर त्याची कॉपी काढा.
२. आधी विंडोज, मग लिनक्स. उलट केलं तर सुरुवातीला सिस्टीम निवडायचा मेनू विंडोज पुसून टाकू शकतं.
३. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. ती हरवली तर आतलं सगळं गेलं.
४. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या फाईल बघता येतात, पण त्यात काही सेव्ह होत नाही.
५. प्रत्येक पोराला वेगळं लॉगिन. ॲडमिनचा पासवर्ड फक्त दोघा जबाबदार माणसांकडे.

आणि खारा वारा विसरू नका. जो वारा इंजिन गंजवतो, तो मदरबोर्डलाही सोडत नाही. मशीन दर्याकडच्या खिडकीपासून लांब ठेवा, बंद असताना झाका, चालू असताना मात्र झाकू नका. वीज जाते-येते, तेव्हा यूपीएस हवाच.

बोटमालक आणि ताई-मावश्यांनो, तुमची पोरं कुठल्या वर्गात आहेत आणि त्यांना काय लागतं, ते खाली लिहा. यादी झाली की किती मशीन घ्यायच्या ते बैठकीत ठरवू.